परिस्थितीबद्दल दोन मिनिटं शांतता

कारखान्यात केक कापला गेला तेव्हा मिलिमीटरने दोन तुकडे खाल्ले. पुढचा सगळा गोंधळ त्या दुसऱ्या तुकड्यापासून सुरू होतो. एकच खाऊन तो मुकाट्याने जागेवर गेला असता, तर आज त्याच्या फायलीत एकही मेमो नसता आणि मला ही गोष्ट सांगायला लागली नसती. पण केकात मध्ये जॅम होता, आणि माणूस शेवटी माणूस आहे.

मिलिमीटर हे त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो तपासनीस होता. खाटेचा एक पाय बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड निघाला तरी तो खिशातला पिवळा खडू काढायचा, खाटेवर ठसठशीत फुली मारायचा आणि म्हणायचा, "प्रश्न मिलिमीटरचा आहे." ही फुली कारखान्यात कोणी पुसत नसे. फुली म्हणजे माल परत. मालकाच्या बापाच्या काळापासून चालत आलेला हा नियम, आणि त्या नियमावर मिलिमीटरची सगळी इभ्रत उभी होती. नाव आधी वेल्डरांनी ठेवलं, मग पेंटवाल्यांनी उचललं, आणि शेवटी बायकोसुद्धा भांडणात तेच वापरायला लागली.

तर केक. धाकट्या मालकांनी आणलेला. वर साखरेचं एक छोटं स्ट्रेचर केलेलं, त्याला चांदीच्या गोळ्यांची चाकं. धाकटे मालक म्हणाले, "परदेशातून घडीच्या स्ट्रेचरची मोठी ऑर्डर आली आहे. आपली मेहनत, आणि परिस्थितीची साथ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओव्हरटाइम मिळणार म्हटल्यावर लोक भूकंपालाही टाळ्या वाजवतात.

दुसरा तुकडा तोंडात असताना मिलिमीटरने माल रवाना करणाऱ्या कारकुनाला विचारलं, "परिस्थिती म्हणजे कसली रे?"

"युद्धाची हो! पेपर वाचता ना तुम्ही? लांबलं म्हणजे आपली चंगळ. थांबलं की मेलो."

मिलिमीटरला तो घास गिळताही येईना आणि थुंकताही येईना. कारण मिलिमीटर हा विचारांचा माणूस होता. युद्धावर त्याची मतं होती, जागतिकीकरणावर मतं होती, गोरगरिबांच्या चळवळींवर तर इतकी मतं होती की ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. कात्रणांचं एक जाड बाड त्याने कपाटावर ठेवलं होतं. बडे देश बंदुका विकतात, मग पट्ट्या विकतात, मग पडलेली शहरं पुन्हा बांधायची कंत्राटं घेतात, हे तो तावातावाने सांगायचा. त्याचं म्हणणं खरंच होतं, आणि आजही खरं आहे. फक्त त्या सगळ्या साखळीत आपणही खडू घेऊन उभे आहोत, हे कुठल्याही कात्रणात छापलेलं नव्हतं.

केकचा राग आला की माणूस काय करतो? राजीनामा देत नाही. घराचे हप्ते असतात. मिलिमीटरने ठरवलं, आपण कारखान्यात शांतता पाळायची. युद्धात मारल्या गेलेल्या माणसांसाठी दोन मिनिटं सगळी यंत्रं बंद, सगळे उभे. घोषणा नाही, मागणी नाही, कोणाला त्रास नाही. इतकी निरुपद्रवी कल्पना जगात दुसरी नसेल, असं त्याला वाटलं.

त्याचा हा समज कारखान्यात कोणीच मान्य केला नाही.

एचआरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "यात तुमची मागणी काय आहे?"

"मागणी नाही."

"मग अर्ज कशाला?"

"शांतता पाळायला परवानगी हवी."

"हो, पण त्यातून तुम्हाला काय मिळणार?"

"काहीच नाही."

एचआरच्या बाईंचा चेहरा बदलला. पगारवाढ मागणारा, रजा मागणारा, साहेबाची बदली मागणारा, अशी सगळी माणसं त्यांनी हाताळली होती. काहीच न मागणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच येत होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मला खरं सांगा. तुमच्या मागे कोण आहे?"

हा प्रश्न मिलिमीटरला तेव्हापासून इतक्या जणांनी विचारला की तो रस्त्याने जाताना सवयीने मागे वळून बघायला लागला.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी तर त्याला खुर्चीही दिली नाही. पिळदार मिशांचा, इस्त्रीच्या कडा सुरीसारख्या ठेवणारा गृहस्थ. गेटवर जेवणाच्या डब्यांची झाकणं उघडून बघणं हे त्यांचं आयुष्यातलं मुख्य काम. ते म्हणाले, "घोषणा द्या. मला चालेल. घोषणा ऐकू येते, लिहून घेता येते. पण तीनशे माणसं गप्प उभी राहणार, त्यातला प्रत्येक जण मनात काय म्हणतोय, हे मी कसं लिहून घेऊ?"

"मनात मेलेल्यांबद्दल म्हणतील."

"खात्री काय? गप्प बसण्यात काहीतरी असतं. मी सांगतो तुम्हाला. माझी बायको गप्प बसते तेव्हा मला माहीत आहे."

युनियनचे अध्यक्ष तर सरळ बिथरले. त्यांच्या मते तपासणी खात्यातला माणूस हा निम्मा व्यवस्थापनाचाच. "मालक आपल्याला गप्प बसायची सवय लावतोय," ते तोंडातलं पान या गालातून त्या गालात ढकलत म्हणाले, "आणि तू त्याचा माणूस. आधी दोन मिनिटं, मग दोन तास, मग कायमचं! हे नाही चालणार. शांतता पाळायची असेल तर शेवटी आपली जुनी बुटांची मागणी जोड."

"अहो, मेलेल्यांच्या शांततेत बुटांची मागणी कशी जोडणार?"

"का? ते मेले, आम्ही अनवाणी. दोन्ही अन्यायच."

मिलिमीटरने अर्ज घडी करून खिशात घातला.

घरी वेगळाच संशय. दोन मिनिटं न हलता उभं राहणं आपल्याला तरी जमतं का, हे बघायला तो मोरीच्या आरशासमोर उभा राहिला. बायको टॉवेल न्यायला आली, तर नवरा स्वतःच्या डोळ्यांत डोळे घालून ताठ उभा. तिने हाक मारली. हा बोलेना. शांतता मोडली असती ना!

"कोण आहे ती?" बायकोने विचारलं.

दोन मिनिटं संपल्यावर तो म्हणाला, "कोण कोण?"

"आरशात बघून माणूस गप्प होतो तो दोन कारणांनी. एक तर टक्कल पडतं तेव्हा, नाही तर मन कुठे गुंततं तेव्हा. टक्कल तुम्हाला लग्नाआधीपासून आहे."

त्याने युद्ध, केक, स्ट्रेचर असं सगळं सांगितलं. तिने ते जमेल तितकं मानलं, पण रात्री त्याचा फोन उशीखाली घेऊन झोपली.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांकडे बातमी जिन्यातूनच गेली. ते खास सल्ला द्यायला खाली आले. "हे बघा, नोकरीत असताना मत ठेवू नये. मीसुद्धा युद्धाच्या विरोधातच आहे, पण निवृत्त झाल्यापासून. तोपर्यंत कोणाला कळू दिलं का? नाही. आणि एक सांगा, हे असले कार्यक्रम बाहेरून पैसा आल्याशिवाय होत नाहीत. तुमच्याकडे नवीन पंखा आलाय."

"जुना जळला म्हणून आलाय, काका!"

"असेल, असेल," काका पंख्याकडे टक लावून म्हणाले.

आता या सगळ्यात एक माणूस असा होता, ज्याचं यात खरोखर काही अडकलं होतं. कॅन्टीनमधल्या ताई. त्यांचा धाकटा भाऊ पूर्वी याच कारखान्यात वेल्डर होता. सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. धाकट्या मालकांनी कापलेले, वाकवलेले, जोडलेले तयार पाइप परदेशातून मागवायला सुरुवात केली, तेव्हा निम्मे वेल्डर घरी गेले. ठिणगीला मालकांनी गोड बोलून सांगितलं, "इकडे काम नाही, पण तिकडे आहे. आपल्या गिऱ्हाइकाचं मोठं गोदाम उभं राहतंय, त्यांच्या कंत्राटदाराला वेल्डर हवेत." पाइप तिकडून इकडे आला, माणूस इकडून तिकडे गेला. यालाच जागतिकीकरण म्हणतात. मिलिमीटरच्या बाडात तेच सांगायला पानंच्या पानं खर्ची पडली होती. पुढे तिकडे युद्ध पेटलं. आणि ठिणगीचा फोन लागेनासा झाला.

अर्जाची बातमी कॅन्टीनमध्ये पोचली तेव्हा ताईंनी मिलिमीटरला बाजूला घेतलं. मागे लोखंड दाबणारी प्रेस मशीन धडधडत होती. त्या कारखान्यात सगळं बोलणं कानाशी तोंड नेऊनच व्हायचं.

"भाऊ, ही शांतता मेलेल्यांसाठी ना?"

"हो ताई."

"म्हणजे माझ्या ठिणगीला धरलंत त्यात?"

"छे छे! भलतंच काय!"

"मग जो मेला का जगला तेच माहीत नाही, त्याच्यासाठी काय पाळणार तुम्ही?" त्यांनी पदराने गॅसची शेगडी पुसली, पुन्हा पुसली. "मला उभं राहणं नको. मला एवढंच हवंय की मालकांनी त्या गिऱ्हाइकाला एकदा विचारावं, माझा भाऊ कुठे आहे. त्यांच्याच गोदामावर होता ना तो? मी तीनदा वर गेले. केबिनच्या काचेआडून हात करतात, नंतर या म्हणून. तुम्ही वर जाता. तुमचं ऐकतील. विचाराल?"

"विचारतो ना," मिलिमीटर म्हणाला. "आधी हे एवढं शांततेचं मार्गी लागू दे."

चांगल्या माणसांचं हे असंच असतं. अख्ख्या मानवजातीचं काम हातात घेतलं की ओळखीच्या माणसाचं काम पुढच्या आठवड्यावर जातं. वाईट माणूस निदान तोंडावर नाही म्हणतो.

तिकडे अर्ज पुढे सरकत होता, म्हणजे आक्रसत होता. धाकट्या मालकांना मुळात शांततेचं वावडं नव्हतं. परदेशी गिऱ्हाइकांना असलं काही दाखवलं की बरं दिसतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पण शब्द त्यांना जपून हवे होते.

"'मारले गेलेल्या' नको," ते म्हणाले. "त्यात कोणीतरी मारलं असा वास येतो. 'मरण पावलेल्या' करा."

केलं.

"'निरपराध' काढा. ते ठरवणारे आपण कोण? आणि 'युद्ध' हा शब्द फार भडक आहे. एका बाजूला आपण माल थेट देतो, दुसऱ्या बाजूला दलालामार्फत देतो. उद्या कोणी विचारलं, कोणाच्या मेलेल्यांसाठी उभे होतात, तर काय सांगू?"

मिलिमीटरचे कान तापले. "दोन्ही बाजूंना देतो आपण?"

"अहो, जखमी माणूस कुठल्या बाजूचा का असेना! ही तर माणुसकी झाली," धाकटे मालक म्हणाले, आणि त्यांना ते स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते डायरीत टिपून ठेवलं.

अखेर सूचनेवर जे वाक्य उरलं ते असं होतं: 'सध्याच्या परिस्थितीबद्दल दोन मिनिटं शांतता.' मरण उडालं, माणसं उडाली, युद्ध उडालं. खाटेचा पाय केसभर आखूड निघाला तर आकाशपाताळ एक करणाऱ्या मिलिमीटरने हे वाक्य मान्य केलं. का, तर निदान दोन मिनिटं तरी शाबूत राहिली.

पण तीही एका अडचणीत सापडली. एचआरच्या बाईंनी नियमांचं पुस्तक शोधून काढलं, तर कारखान्यातली सगळी यंत्रं एकाच वेळी बंद करायची तरतूद फक्त एकाच सदराखाली होती. आगीची कवायत.

"काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या. "कवायत तशीही बरेच दिवस झाली नाही. एका भोंग्यात दोन्ही होईल."

"पण बाई, आग आणि शांतता..."

"तुम्हाला परवानगी हवी का नको?"

सदर आगीचं ठरल्यावर कार्यक्रम सुरक्षा अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेला. ते एकदम खुलले. न कळणाऱ्या शांततेचं आता कळणाऱ्या कवायतीत रूपांतर झालं होतं. त्यांनी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, वाळूच्या बादल्या रंगवून घेतल्या आणि हुकूम काढला: प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, प्रत्येक रांगेतल्या पहिल्याच्या हातात वाळूची बादली. शिवाय गप्प उभ्या असलेल्यांवर नजर ठेवायला त्यांनी दोन माणसं नेमली. त्या दोघांवर नजर ठेवायला ते स्वतः उभे राहणार होते.

तो दिवस उजाडला आणि सकाळीच कळलं की आज खुद्द गिऱ्हाइकाचा माणूस येतोय. स्ट्रेचरचा नमुना पास करायला. उंच, पांढऱ्या भुवयांचा, हसला तरी डोळे न हसणारा पाहुणा. नमुन्याचं स्ट्रेचर शॉपच्या, म्हणजे यंत्रांच्या मोठ्या हॉलच्या, मधोमध एका टेबलावर मांडलं होतं. मिलिमीटरने ते आदल्या दिवशीच तपासलं होतं. कापड, दांडे, बिजागऱ्या, सगळं मापात. त्यावर फक्त त्याची सही राहिली होती.

"तारीख बदलूया," मिलिमीटर हळूच म्हणाला.

"मुळीच नाही," धाकटे मालक म्हणाले. "पाहुण्यांना आपली आगीची कवायत दाखवतो. छाप पडेल."

भोंगा झाला. अध्यक्षांनी आपली माणसं अनवाणी आणली होती. त्यांच्या मते ही मूक मागणी होती. प्रेस थांबल्या. ग्राइंडर थांबले. रंगाच्या भट्टीचा पंखा घरघरत घरघरत थांबला. हेल्मेट घातलेली माणसं रांगेत उभी राहिली, पुढच्यांच्या हातात बादल्या. फक्त भोंगा थांबेना. त्याचं बटण अडकलं होतं. परिस्थितीबद्दलची शांतता सुरू झाली ती कानठळ्या बसवणाऱ्या भोंग्यात. पाहुण्याने कानांवर हात ठेवले. सुरक्षा अधिकारी बटणावर गुद्दे मारत राहिले, आणि शेवटी इलेक्ट्रिशियनने वायरच तोडली.

आणि मग जे झालं ते त्या कारखान्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. खरंच सगळं शांत झालं. पत्र्याच्या छपरावर एक कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती. लोक एकमेकांकडे चोरून बघायला लागले. आपण इतकी वर्षं एवढ्या आवाजात उभे होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. जमलं, मिलिमीटरला वाटलं. शेवटी जमलं!

"साहेब!"

आवाज कॅन्टीनच्या दारातून आला होता. ताई. डोक्यावर हेल्मेट, हातात चहाची किटली.

मिलिमीटर झटकन वळला आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "श्श!"

होय. हेच म्हणाला. युद्धाविरुद्ध आयुष्यभर बोललेला माणूस त्या बाईला गप्प करायला सगळ्यांत आधी धावला. शांतता त्याची होती ना. अर्ज त्याने केला होता.

पण ताई थांबल्या नाहीत. त्यांना आज ओरडायची गरजच नव्हती. साध्या आवाजात म्हणाल्या आणि शॉपच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "साहेब, माझा भाऊ या पाहुण्यांच्या गोदामावर वेल्डिंगला होता. तुम्हीच पाठवलात. त्याचा पत्ता लागत नाही. आज ते इथे आहेत तर एकदा विचारा त्यांना. मेला असेल तर मेला म्हणून सांगा, पण विचारा."

कबुतरसुद्धा थांबलं.

पाहुण्याला शब्द कळले नव्हते. भुवया उंचावून त्याने धाकट्या मालकांना इंग्रजीत विचारलं, ही काय म्हणते?

धाकटे मालक हसले. इंग्रजीतच म्हणाले, "चहा तयार आहे, असं म्हणते."

एरवी हे प्रेसच्या धडधडाटात विरून गेलं असतं. आज सगळ्यांनी ऐकलं. शॉपमध्ये इंग्रजी येणारे फारसे नव्हते, पण त्या भाषेतला चहा सगळ्यांना कळतो.

मिलिमीटरचं बोट अजून ओठांवरच होतं. ते त्याने खाली घेतलं. आयुष्यभर तो बारीक फरक पकडत आला होता, केसाएवढे, धुळीएवढे. हा फरक बारीक नव्हता. घराचे हप्ते, बायको, वरचे काका आणि त्यांचं मत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तो रांगेतून बाहेर पडला, टेबलाशी गेला, खिशातून पिवळा खडू काढला आणि नमुन्याच्या स्ट्रेचरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली.

"काय करताय?" धाकटे मालक किंचाळले.

पाहुणा मात्र पुढे झाला. फुली काय असते ते माल घेणाऱ्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याने स्ट्रेचर उघडलं, दांडे दाबून पाहिले, कापड ताणलं, बिजागऱ्या हलवल्या. कुठे काही सापडेना. मग त्याने थेट मिलिमीटरला विचारलं, दोष कुठे आहे?

मिलिमीटरचं इंग्रजी मोडकंतोडकं. पण तपासणीच्या अहवालाचं इंग्रजी त्याला पाठ होतं, आणि त्याने त्याच भाषेत उत्तर दिलं. "कापड बरोबर. दांडे बरोबर. बिजागऱ्या बरोबर. एक माणूस कमी आहे. तुमच्या गोदामावरचा वेल्डर. तो कुठे आहे ते कळेपर्यंत माल पास नाही."

"याला बाहेर काढा!" धाकटे मालक म्हणाले.

सुरक्षा अधिकारी तरातरा आले. इतक्या दिवसांचा प्रश्न त्यांच्या ओठांवर होताच. "मी म्हणत होतो! बोला आता, तुमच्या मागे कोण आहे?"

सवयीने मिलिमीटरने मागे वळून पाहिलं. रांगा मोडल्या होत्या. वेल्डर पुढे सरकले होते, ठिणगीच्या जोडीला काम केलेले. पेंटवाले, प्रेसवाले, पॅकिंगच्या बायका, अध्यक्षांची अनवाणी माणसं. हातात वाळूच्या बादल्या होत्याच. घोषणा नव्हती. कोणी बोलत नव्हतं. दोन मिनिटं कधीच संपली होती, आणि एकही हात यंत्राच्या बटणाकडे जात नव्हता.

अध्यक्षांनी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानात सांगितलं, "सदर आगीचं आहे, साहेब. धोका टळल्याची खात्री होईपर्यंत यंत्रं सुरू करायची नाहीत. नियम तुमचाच."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी धाकट्या मालकांकडे पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं. मग खिशातली शिट्टी काढून तशीच परत ठेवली. नियमाचा माणूस नियमात अडकला की त्याच्याइतका प्रामाणिक कोणी नसतो.

पाहुण्याला शांतता सोसवेना. त्याला जहाज पकडायचं होतं, म्हणजे मालाला. त्याने फोन काढला. आपल्या भाषेत कोणाशी तरी बोलला, मग त्याच कॉलवर दुसऱ्याशी, मग आवाज चढवून तिसऱ्याशी. सगळा कारखाना त्या न कळणाऱ्या भाषेकडे कान लावून उभा होता. चहा गार झाला. शेवटी त्याने ताईंना भावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. आम्हा कारखान्यातल्या लोकांनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं; इतके दिवस ठिणगीच म्हणत होतो.

आता मी तुम्हाला सांगू शकतो की पाहुणा देवमाणूस निघाला, पण तसं काही नाही. त्याला माल हवा होता. कंत्राटदार पळून गेला होता, जाताना मजुरांचे पासपोर्ट घेऊन. गोदामाच्या तळघरात काही माणसं अडकली होती, त्यांच्याकडे फोन चालू करायला वीज नव्हती. आणि त्यांची चौकशी इतके दिवस कोणीही, अगदी कोणीही केली नव्हती. चौकशीला एक फोन लागला. एक.

त्या माणसांत ताईंचा भाऊ आहे का ते उद्यापर्यंत कळवतो, असं पाहुण्याने सांगितल्यावर यंत्रं सुरू झाली, पण कोणाचं मन कामात नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनचा फोन वाजला. ताईंनी उचलला, पण प्रेसच्या आवाजात काही ऐकू येईना. त्या फोन कानाशी घट्ट धरून नुसत्या "कोण? कोण?" करत राहिल्या. ते बघून प्रेसवाल्याने प्रेस बंद केली. शेजारच्याने ग्राइंडर बंद केला. एकेक करत पुन्हा सगळं थांबलं. या वेळी अर्ज नव्हता, भोंगा नव्हता. आणि त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं, ताई फोनवर ठिणगीला शिव्या घालत होत्या. इतक्या मनापासून, इतक्या नात्यागोत्यासकट, की पॅकिंगच्या बायका रडायलाच लागल्या.

ठिणगी अजून तिकडेच आहे. पासपोर्टाचं गाडं चाललंय, आणि अध्यक्षांनी त्याच्या सुटकेच्या मागणीला बुटांची मागणी जोडली आहे. स्ट्रेचरं गेली. युद्धही चालूच आहे. मिलिमीटरला मेमो मिळाला. एचआरच्या बाईंना त्याचं सदर सापडेना, म्हणून त्यांनी 'आगीच्या कवायतीत बोलणे' असं लिहिलं. बायकोने मेमो वाचला आणि त्याचा फोन त्याच्या उशाशी परत ठेवला. वरचे काका मात्र अजून पंख्याकडे बघतात.

आणि कारखान्याच्या गेटवर, सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीची एक नवीन सूचना लागली आहे. येणारा जाणारा प्रत्येक जण ती वाचतो, आणि कोण हसतो हे बघायला तिथे एक माणूस नेमलेला आहे. सूचना अशी:

'यापुढे कारखान्यात कोणत्याही कारणासाठी शांतता पाळावयाची असल्यास ती यंत्रे चालू ठेवून पाळावी.'